दर शुक्रवारी दाते भेटतील

इंटरनेटवर माणसाला प्रसिद्ध कसं करावं हे अख्ख्या आखातात माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं, आणि हे मी अगदी नम्रपणे सांगतोय. सन दोन हजारमध्ये एका निवृत्त जपानी फुटबॉलपटूला मी एकवीस दिवसांत एकेचाळीस हजार लोकांपर्यंत पोचवलं! तेही शारजाच्या अल नहदातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून, आणि अशा इंटरनेटवर, की बायकोनं बहिणीला फोन लावला की ते जागच्या जागी मरायचं. मेव्हणी बोलायला लागली की फोनची तार इतकी तापायची, की मी तिच्यावर पापड भाजून खाल्लेत. खोटं वाटत असेल तर मृणालिनीला, म्हणजे आमच्या हिला, विचारा. ती नाही म्हणेल, पण विचारा.

मी तेव्हा पाण्याचे अवाढव्य पंप विकणाऱ्या एका कंपनीत ॲडमिन ऑफिसर होतो. ॲडमिन ऑफिसर म्हणजे ज्याला कुठलंच एक काम येत नाही म्हणून सगळी कामं देतात, तो. पंप जपानहून यायचे, आणि ते नीट बसवलेत की नाही हे बघायला एक इन्स्पेक्टरही जपानहून येणार होता. त्याच्या दारावर लावायच्या पाटीचा कागद माझ्या टेबलावर आला. त्यावर लिहिलं होतं, एस. दाते.

इंग्रजीत हो. डी, ए, टी, ई. आता मला सांगा, आपल्यातला कोण माणूस ही चार अक्षरं दुसरं काही म्हणून वाचेल? त्यातून मृणालिनी माहेरची दाते. तिच्या डिग्रीवर, पासबुकावर, लग्नाआधीच्या पासपोर्टवर हीच चार अक्षरं. आमच्या घरात त्यांचा दुसरा उच्चार करणाऱ्याला जेवायला वाढलं नसतं. मी विमानतळावर गेलो तो मनात ठरवूनच, की जपानमध्ये स्थायिक झालेला कुणीतरी आपल्यातला असणार. समोरून माझ्या हातातली पाटी बघून माणूस आला तसा मी म्हणालो, "या दाते, प्रवास कसा झाला? घरी पिठलं-भात टाकायला सांगितलाय."

तो माणूस इतका खाली वाकला, की मला वाटलं त्याचं काही पडलंय. म्हणून मीही शोधायला वाकलो. दोघांची डोकी आपटली. शिगेओ दाते यांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

गंमत म्हणजे मी चुकलो नव्हतो. जपानीतही त्यांचं आडनाव दातेच, आणि उच्चारही आपल्यासारखाच स्वच्छ. मृणालिनीनं पिठलं वाढता वाढता निकाल देऊन टाकला, की माहेरचे नसले तरी माहेरच्या आडनावाचे आहेत, तेवढं परदेशात पुष्कळ झालं. त्या दिवाळीत तिनं त्यांना भाऊबीजेला पाटावर बसवून ओवाळलं. त्यांनी तबकात एक जपानी पंखा ठेवला आणि तेव्हापासून तिला ते 'ताई-सान' म्हणायला लागले. मी मात्र राजन-सानच राहिलो. मला ओवाळायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता फुटबॉलकडे येतो. आमच्या गोदामामागे वाळूचं मोकळं मैदान होतं. शुक्रवारी संध्याकाळी लेबर कॅम्पातली माणसं तिथं खेळायची. देवगडकडचा दत्ताराम, आमचा फिटर, त्यांचा कॅप्टन. दाते-सान तीन शुक्रवार नुसते कडेला हाताची घडी घालून उभे राहिले. चौथ्या शुक्रवारी बॉल चुकून त्यांच्याकडे आला. त्यांनी तो पायावर घेतला, आणि इतका हळुवार घेतला, की तो बॉल तिथं झोपला! मी डोळ्यांनी पाहिलंय. बॉलनं कूस बदलली.

त्यानंतर ते दर शुक्रवारी खेळायला लागले. त्यांचं काम एकच, समोरच्याकडून बॉल काढून घेणं. धक्का नाही, पाय नाही, आरडाओरडा नाही. वीस-बावीस वर्षांचे दांडगे गडी वाऱ्यासारखे धावत यायचे आणि पुढं गेल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की बॉल आपल्याजवळ नाही. दत्तारामनं एकदा ते नेमकं सांगितलं, "ह्यो माणूस बॉल काढून घेता ना साहेब, तर वाटता आपणच दिलो. थँक्यू म्हणूचा मन होता."

खेळ संपला की ते सगळ्यांना ओळीत उभं करायचे. आधी मैदानाला वाकून नमस्कार, मग प्रत्येकाला वेगळा. त्या माणसांना आठवडाभर नुसतं यल्ला, यल्ला, म्हणजे चला, आटपा, एवढंच ऐकायची सवय. त्यांच्यापुढं वाकणारा सबंध मुलुखात हा एकच. पहिल्या दिवशी गडी हसले. तिसऱ्या शुक्रवारपासून शर्ट खोचून ओळीत उभे राहायला लागले.

हा माणूस साधा खेळाडू नव्हे, हे मला कळत होतं. पण खरी गोष्ट कळली ती वर्षभरानं, मैदानाच्या कडेला कडक चहा पिताना. दाते-सान सावकाश इंग्रजी बोलायचे, एकेक शब्द तपासून, पंप तपासल्यासारखा. त्यांनी सांगितलं ते असं. समुद्रकाठचं त्यांचं लहानसं गाव. गावाचा क्लब म्हणजे गावाचा जीव. त्या क्लबाकडून ते नऊ वर्षं बचावाला खेळले. नऊ वर्षांत एकही गोल मारला नाही, कारण ते त्यांचं काम नव्हतं. मग शेवटच्या हंगामाची शेवटची मॅच आली. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात राहणार होता. दोन मिनिटं उरली होती. बाजूनं बॉल आला, ह्यांनी अडवायला पाय घातला, आणि बॉल ह्यांच्याच जाळ्यात. नऊ वर्षांतला एकुलता एक गोल, तोही स्वतःवर. क्लब खालच्या गटात गेला. दाते-सान निवृत्त झाले आणि जितक्या लांबची नोकरी मिळेल तितकी मागून घेतली. सहा वर्षं गावात पाऊल टाकलं नव्हतं. आईला भेटायचं तर बहिणीच्या शहरात.

आणि आता क्लबाचं पत्र आलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस क्लबाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. जुन्या खेळाडूंची नावं एकेक करून पुकारणार, आणि त्यांनी मैदानात चालत यायचं.

"जाणार ना?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "लोक मला विसरले असतील, तर नाव पुकारल्यावर मैदानात शांतता होईल. विसरले नसतील, तर जास्त शांतता होईल."

मी चहा प्यायलो. पण घरी येताना रस्त्यातच ठरवून टाकलं, की या माणसाला लोकांनी प्रेमानं लक्षात ठेवलंय हे जगाकडून लेखी आणून ह्याच्या हातात ठेवायचं. जग आता टेलिफोनच्या तारेत आलं होतं. मी नुकताच 'तीन शुक्रवारांत वेबसाइट' हा कोर्स केला होता. म्हणजे दोन शुक्रवार केला होता. तिसऱ्या शुक्रवारी मॅच होती.

फुकटात मिळणाऱ्या जागेवर मी पान उभारलं. वर उघडझाप करणारी लाल अक्षरं, शारजात दाते यांना भेटा. खाली, दर शुक्रवारी पाच वाजता, गोदामामागे. फी नाही. सर्वांना प्रवेश. स्वभाव अतिशय मृदू, अनुभव दांडगा. मग त्यांच्या क्लबाचं नाव, तिथली नऊ वर्षं, आणि हे सगळं झोकदार इंग्रजीत. मृणालिनीनं तपासलं. मी 'मिस्टर दाते' लिहिलं होतं. ती म्हणाली, "अहो, मिस्टर काय? घरचा माणूस आहे." मिस्टर काढून टाकला. तिनं त्या दिवशी तो मिस्टर ठेवला असता तर ही गोष्ट मी लिहीत बसलो नसतो.

खाली किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा, आणि लोकांनी काही लिहायचं असेल तर एक वही. पहिल्या दिवशी आकडा त्रेचाळीस. त्यातले चाळीस मीच. चौथ्या दिवशी नऊशे! आठव्या दिवशी सात हजार! मी इतका हरखलो की ऑफिसात कॉफीच्या मशीनला वाकून नमस्कार केला.

आणि वहीत लोक लिहीत होते. कुठून कुठून! अबू धाबी, मस्कत, कराची, कोचीन. एकानं विचारलं, दाते ताजे आहेत का. मी उत्तर दिलं, वय एकेचाळीस, पण तुमच्या-माझ्यापेक्षा ताजे. दुसऱ्यानं विचारलं, किती किलो. मी लिहिलं, बहात्तर. तिसरा म्हणाला, सॉफ्ट की हार्ड? मी लिहिलं, बोलायला सॉफ्ट, मैदानात हार्ड. एकानं तर फारच खासगी विचारलं, विथ स्टोन ऑर विदाऊट स्टोन? प्रसिद्ध माणसाच्या तब्येतीची लोकांना किती काळजी असते बघा. मी मुद्दाम दाते-सानना विचारून आलो आणि लिहिलं, स्टोनचा त्रास त्यांना कधीच झालेला नाही, पाणी भरपूर पितात.

दुसरा एक वर्ग जरा लाजरा होता. मी साधा माणूस आहे, एकटा राहतो, संगीत आवडतं, असं लिहायचे. भेटीत काय काय होतं, असं एकानं विचारलं. मी लिहिलं, आधी थोडं पळणं, मग दोन तास घाम, शेवटी सगळे ओळीत उभे राहून नमस्कार करतात. त्याचं परत काही आलं नाही. घरी येतील का, असं दुसऱ्यानं विचारलं. मी लिहिलं, अवश्य, संकोची आहेत, पण वरण-भात केला तर येतात. आपल्यातल्याही दोन-तीन बायका होत्या. एकीला भाच्याच्या मुंजीचा मुहूर्त हवा होता. तो आमच्याकडे का, ते मला कळेना, पण दाते म्हटल्यावर लोक आदरानं काय वाटेल ते विचारतात.

एवढ्या सगळ्यात एकच कटकट होती. रोज सकाळी वहीत तीस-चाळीस नोंदी नुसत्या कचऱ्याच्या असायच्या. प्रश्नचिन्हं, चौकोन, डॉलरची खूण, मधेच टोपी घातलेला ए. कोर्समध्ये सांगितलं होतं की असलं काही दिसलं तर तो व्हायरस, ताबडतोब पुसा. मी दात घासायच्या आधी ते पुसून टाकायचो. स्वच्छतेच्या बाबतीत मी कडक आहे.

बारा हजारांचा आकडा झाला तेव्हा मी दाते-सानना सांगितलं. ते पंपाखाली आडवे झोपून काहीतरी तपासत होते. पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बारा हजार माणसं?"

"बारा हजार दोनशे. सगळे तुमचीच चौकशी करतायत."

"त्या गोलाबद्दल?"

"एक शब्द नाही."

"एकही नाही?"

"शपथ," मी म्हणालो. आणि ते खरं होतं हो! त्या गोलाचं एकानंही नाव काढलं नव्हतं.

दाते-सान बाहेर आले. तोंडाला ग्रीस लागलं होतं. त्यांनी रजेचा फॉर्म मागितला. मी ॲडमिन ऑफिसर, आयुष्यात कधी फॉर्म घेऊन पळालो नव्हतो, त्या दिवशी पळालो. ऑक्टोबरच्या शेवटी चार दिवस, जपान. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, नाव पुकारणार आहेत.

जायच्या आधी त्यांची एकच इच्छा होती. ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली, त्यांच्यातल्या येतील तितक्यांना एकदा वाकून नमस्कार करायचा. मी पानावर लाल अक्षरात टाकलं, या शुक्रवारी जरूर या, दाते यांना भेटण्याची जपानला जाण्यापूर्वीची शेवटची संधी.

शुक्रवारी पाच वाजता मी मैदानावर गेलो आणि माझे डोळे पाणावले. दीडशे माणसं असतील. पण हळूहळू काही गोष्टी खटकायला लागल्या. निम्मी माणसं सूट घालून आली होती. त्यांनी मारलेल्या अत्तरानं गोदामावरची कबुतरं उडून गेली. बऱ्याच जणांच्या हातात एकेक गुलाब होता, आणि ते एकमेकांकडे बघत नव्हते. दुसऱ्या बाजूला तीन पिकअप उभ्या होत्या. त्यांतली माणसं वजनकाटा उतरवत होती. मधे आमच्या मंडळाच्या कुंदावहिनी नणंदेची पत्रिका घेऊन उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "राजनभाऊ, मुलगा पंपाच्या लाइनला आहे असं वाचलं. गोत्र लिहायचं राहिलंय तुमचं."

तेवढ्यात आमच्या कंपनीचा अहमद आला. व्हिसा, परवाने, सरकारी कागद सगळं तो बघायचा. त्याच्या हातात माझ्या पानाचा प्रिंट होता, आणि तो नेहमीसारखा हसत नव्हता.

"हबीबी राजन," तो म्हणाला, "ये क्या लिखा है? शारजा में डेट? हर जुम्मे को? फ्री?"

"डेट नाही, दाते," मी म्हणालो.

"पढो."

मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा ती चार अक्षरं मी आपल्या माणसासारखी न वाचता इतर जगासारखी वाचली. शारजात डेट. स्वभाव मृदू, अनुभव दांडगा. मग मला ते किलो आठवले, सॉफ्ट-हार्ड आठवलं, आणि तो स्टोन! पिकअपमधला माणूस त्याच वेळी एक पेटी उघडत होता. आत खजूर. इंग्रजीतला डेट. बिनबियांचा.

एकेचाळीस हजार माणसं आली होती, आणि त्यांतली निम्मी बाई शोधत होती, निम्मी खजूर.

दाते-सानना हे कळलं तर ते जपानला जाणार नाहीत, हे मला पुरतं ठाऊक होतं. आणि नेमके तेव्हाच ते गोदामाच्या कोपऱ्यावरून आले. जुन्या क्लबाचा शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. एवढी गर्दी बघून ते थबकले. मग मैदानाच्या मध्यावर जाऊन चारी दिशांना वाकले, आणि सावकाश इंग्रजीत बोलायला लागले. दत्तारामनं त्याचं जमेल तसं हिंदी केलं. "साहेब बोलता है, मेरे से बहुत बडा गलती हुआ था. मैं शरम से भाग गया. फिर भी आप लोग मेरे को ढूंढते आया. साहेब का दिल भर गया."

सुटातल्या माणसांना वाटलं, हा आपल्याच मनातलं बोलतोय. एकटेपणानं दूरदेशी आलेली माणसं ती, दुसरं कोण होती? पहिल्या रांगेतला एक टकला गृहस्थ पुढं झाला आणि त्यानं आपला गुलाब दाते-सानच्या हातात दिला. मग दुसऱ्यानं. मग रांगच लागली! खजूरवाल्यांनी काटा बाजूला ठेवून पाच किलोची पेटी पायाशी आणून ठेवली. अहमदनं प्रिंट घडी करून खिशात घातला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पाच मिनट देता हूँ. फिर यल्ला, सब घर."

पण दाते-सानना एवढे लोक नुसते घरी कसे पाठवावेत ते कळेना. त्यांनी सगळ्यांना खेळायला घेतलं. टोकदार बूट, टाय, गळ्यातल्या साखळ्या घेऊन ती माणसं वाळूत धावली. टकल्या गृहस्थानं गोल मारला आणि इतका रडला, की पाहणाऱ्याला वाटावं त्याची डेट खरंच झाली. अहमदची पाच मिनिटं अंधार पडेपर्यंत चालली, कारण तो स्वतः गोलकीपर होता.

घरी येऊन मी मृणालिनीला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम थांबली.

"अहो, पण दातेदादा तिकडं हेच धरून उभे राहणार ना? की लोकांनी माफ केलं म्हणून?"

"न सांगितलं तर?"

"तिथं शांतता झाली तर काय करतील ते? आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा."

दाते-सान समोरच्याच इमारतीत राहायचे. मी गेलो तेव्हा ते बादलीत गुलाब ठेवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डेट म्हणजे काय, खजूर म्हणजे काय, स्टोन म्हणजे काय. मधे एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी हातातला गुलाब बादलीत खोचला.

"म्हणजे कोणीच नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी आपला जपानी लॅपटॉप उघडला आणि ते पान बघायला मागितलं. आपण ज्यांना नमस्कार केला त्यांची नावं तरी वाचावीत म्हणून. मी पत्ता टाइप केला. वही उघडली. वरच त्या दिवसाचा कचरा होता, धावपळीत पुसायचा राहिलेला. आणि त्यांच्या लॅपटॉपवर तो कचरा नव्हता. तिथं प्रश्नचिन्हं नव्हती, डॉलर नव्हते, टोपीवाला ए नव्हता. ती सगळी जपानी अक्षरं होती.

दाते-सान वाचायला लागले. वाचता वाचता उभे राहिले.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"गावचे आहेत. कुणाला तरी क्लबाचं नाव शोधताना हे पान सापडलं. त्यानं सगळ्या गावाला सांगितलं." मग एक नोंद त्यांनी मला थांबत थांबत इंग्रजीत करून सांगितली. "मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. गोलच्या मागेच बसलो होतो. मॅच संपल्यावर तुम्ही चारी बाजूंना वाकलात, आणि दिवे घालवले तरी वाकूनच उभे होतात. बाबा म्हणाले, हा माणूस लक्षात ठेव. तुम्ही कुठे आहात?"

मग त्यांनी पान खालपर्यंत नेऊन नोंदी मोजल्या.

"एकोणीस पत्रं आहेत," ते म्हणाले. "आजचीच आहेत. आधी कधी आली होती का?"

मी हातानं फळा पुसल्याची खूण केली.

"रोज?"

"दात घासायच्या आधी."

मला वाटलं आता हा माणूस जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी धक्का मारणार. पण दाते-साननी लॅपटॉप मिटला, माझ्यापुढं वाकले आणि म्हणाले, "मग मला जावंच लागेल, राजन-सान. प्रत्येकाला विचारायला लागेल, तुम्ही काय लिहिलं होतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाल्यांनी आमचं पान बंद केलं. शारजात डेट असली पानं चालत नाहीत, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. ती एकोणीस पत्रं तेवढी दाते-साननी आधीच छापून ठेवली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा जपानहून फोन आला. फोन मृणालिनीनं उचलला, म्हणून सगळी हकीकत मला तिच्याकडून मिळाली. त्यांचं नाव पुकारलं. ते मैदानात आले. आणि खरंच शांतता झाली. मग अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि वाकलं. दाते-सानही वाकले. आता जपानी माणसांत आधी सरळ कोणी व्हायचं? कोणीच होईना. समोरचा वाकलाय म्हटल्यावर ते कमरेत आणखी खाली, ते खाली म्हणून हे आणखी खाली. पुढची मॅच वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. ही वीस मिनिटं मृणालिनीनं सांगितलेली आहेत, तेव्हा तुम्ही खरी धरा. मी सांगितली असती तर चाळीस असती.

तिथंच क्लबानं त्यांना मुलांना शिकवायला ठेवून घेतलं. म्हणजे माणूस घरी पोचला, आणि आमच्या मैदानावरून गेला. हे मी धरलंच नव्हतं. ते सामान आवरायला शारजाला परत आले आणि त्यांचा व्हिसा रद्द करण्याचे कागद करायचं काम कोणाकडे आलं? ॲडमिन ऑफिसरकडे.

मी सरकारी फॉर्म टाइप करून देणाऱ्या टायपिंगच्या दुकानात बसलो होतो. फॉर्म समोर, आणि डोळ्यांपुढं ती वाळू. लक्ष नव्हतं. नावाच्या रकान्यात मी इंग्रजीत दाते लिहिलं, तारखेच्या रकान्यात शिगेओ. टायपिंगवाला फॉर्म बघून वैतागला. म्हणाला, नाव लिहायच्या जागी तारीख लिहिता, तारखेच्या जागी नाव, घरी भांडण झालंय का? द्या, मीच करतो दुरुस्त. आणि त्यानं मनानं केलं. नाव खालून उचलून वर नेलं, आणि त्याच्याच शेजारी, जिथं डेट लिहिलं होतं तिथं, भरली त्या दिवसाची तारीख. मी न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी अहमदनं तो कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. नाव, शिगेओ चौदा नोव्हेंबर. त्या दिवशी तारीख पंधरा होती.

"हबीबी," तो म्हणाला, "इसका नाम तो कल खलास हो गया."

ते निस्तरायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस दाते-सानना निघता येईना. अकरा दिवसांत दोन शुक्रवार बसले, आणि दोन्ही शुक्रवारी ते दत्तारामच्या गड्यांबरोबर खेळले. मी ते मुद्दाम केलं असं कॅम्पात सांगून ठेवलंय. दत्तारामनं माझ्याकडे एकदा बारीक नजरेनं पाहिलं आणि बॉल माझ्या पायाशी ढकलला.